शाबितीचा भार

इटलीचे दोन टेनिसपटू. दोघांच्याही नमुन्यात एकच द्रव्य सापडलं, क्लोस्टेबॉल. हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड आहे आणि खेळात त्याला बंदी आहे. दोघांनीही सांगितलं की आम्ही ते घेतलेलं नाही, मालिश करणाऱ्या फिजिओच्या हातांवाटे ते आमच्या अंगात शिरलं. एकाला तीन महिन्यांची बंदी झाली, दुसऱ्याला चार वर्षांची. पहिला यानिक सिनर. बंदी झाली तेव्हा तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. दुसरा स्टेफानो बत्ताग्लिनो. तो क्रमवारीत पहिल्या सातशेतही कधी आला नाही, त्यामुळे त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर नवल नाही.

ही दोन नावं माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवली ती माझ्या भाच्याने. तो टेनिसवेडा आहे, रात्री जागून सामने बघतो. म्हणाला, "खाला, पैसेवाल्यांचा कायदा वेगळाच असतो ना?" मी लगेच हो म्हणाले नाही. वीस वर्षं उर्दू आणि मराठीच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. पहिली ओळ वाचून गुण द्यायचे नाहीत, हे हातात बसलेलं आहे. म्हणून या प्रकरणांचे निकाल आणि त्यांच्या बातम्या बसून वाचल्या. वाचून झाल्यावर माझं उत्तर भाच्याच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं निघालं. ते जास्त समाधानकारक आहे असं मात्र नाही.

आधी नियम समजून घेऊ. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, १९९९ मध्ये स्थापन झाली. तिच्या संहितेचं मूळ सूत्र असं: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो खेळाडू जबाबदार. त्याने ते मुद्दाम घेतलं, नकळत घेतलं की कोणी दिलं, हा प्रश्न नंतरचा. क्लोस्टेबॉलसारखं द्रव्य सापडलं तर शिक्षेची सुरुवातच चार वर्षांपासून होते. ती कमी करून घ्यायची असेल तर खेळाडूने दाखवून द्यायचं की हे द्रव्य अंगात कसं आलं. माझी काहीच चूक नव्हती असं त्याने सिद्ध केलं तर बंदी शून्यावर येऊ शकते. चूक किरकोळ होती असं ठरलं तर काही महिन्यांवर येते. द्रव्य कसं आलं हेच सांगता आलं नाही, तर बहुतेक वेळा चार वर्षं ठरलेली.

उर्दूत याला बार-ए-सुबूत म्हणतात. मराठी कायद्याच्या भाषेत शाबितीचा भार. उर्दूतलं साबित आणि मराठीतलं शाबीत हा मुळात एकच अरबी शब्द. फारसीतला बार आणि आपला भार, दोन्हींचा अर्थ ओझं. फौजदारी खटल्यात हे ओझं आरोप करणाऱ्याच्या डोक्यावर असतं. आरोपीने गप्प बसायचं ठरवलं तरी त्याला निर्दोष मानायचं, दोष सिद्ध करायचा तो सरकारने. उत्तेजकांच्या प्रकरणात नमुन्यात द्रव्य सापडलं की हेच ओझं खेळाडूच्या डोक्यावर येतं.

हे ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण नियम असा का झाला याला कारण आहे. बंद खोलीत कोणी काय गिळलं याचा साक्षीदार कुठून आणायचा? हेतू सिद्ध करायची अट घातली असती तर एकही प्रकरण तडीस गेलं नसतं. टेनिसमध्येच याचं ठळक उदाहरण आहे. १९९७ मध्ये आंद्रे आगासीच्या नमुन्यात मेथ नावाचा अमली पदार्थ सापडला. त्याने पुरुष खेळाडूंच्या संघटनेला पत्र लिहिलं की आपल्या सहायकाच्या ग्लासातलं पेय आपण चुकून प्यायलो. संघटनेने ते मान्य केलं, प्रकरण मिटवलं आणि बाहेर कोणाला काही कळलं नाही. २००९ मध्ये आगासीने स्वतःच्याच आत्मचरित्रात सांगून टाकलं की ते पत्र खोटं होतं. मोठ्या खेळाडूच्या एका गोड पत्रावर प्रकरण मिटू नये, यासाठी तर कडक नियम आणि स्वतंत्र यंत्रणा हवी. टेनिसमध्ये आज हे काम लंडनमधली आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्था बघते. तिच्या निकालावर अपील करायचं ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या क्रीडा लवादाकडे.

आता सिनरचं प्रकरण. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत इंडियन वेल्सच्या स्पर्धेच्या वेळी आणि त्यानंतर आठ दिवसांनी, असे दोन नमुने सदोष निघाले. प्रमाण होतं एका मिलिलिटरमध्ये ८६ आणि ७६ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. इतकं बारीक मोजता येतं ही विज्ञानाची कमाल आहे. पण त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली आहे. प्रयोगशाळेला आता चोराच्या खिशातली नोटच काय, वाटेत कोणाच्या चपलेला चिकटलेली धूळही दिसते. ती धूळ कोणाच्या अंगणातली, हे मात्र प्रयोगशाळा सांगत नाही. ते खेळाडूने सांगायचं.

सिनरला ते सांगता आलं. त्याचा शारीरिक प्रशिक्षक उम्बेर्तो फेरारा याने इटलीतल्या औषधाच्या दुकानातून ट्रोफोडर्मिन नावाचा स्प्रे घेतलेला होता. तो जखमेवर मारायचा असतो, तिकडे चिठ्ठीशिवाय मिळतो आणि त्यात क्लोस्टेबॉल असतं. फिजिओ जियाकोमो नाल्डीचं बोट कापलं. फेराराने त्याला हा स्प्रे दिला. नाल्डी काही दिवस तो बोटावर मारत होता आणि हातमोजे न घालता रोज सिनरला मालिश करत होता. सिनरच्या त्वचेवर ठिकठिकाणी चट्टे आणि ओरखडे होते, तिथून द्रव्य आत गेलं. दोघांनीही जबाब दिले. खरेदी सिद्ध करता आली, तारखा जुळल्या. वैज्ञानिक तज्ज्ञांनी सांगितलं की हा खुलासा आकड्यांशी जुळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाने सिनरची काहीही चूक नसल्याचं ठरवलं. इंडियन वेल्सचे ४०० गुण आणि सुमारे सव्वातीन लाख डॉलरचं बक्षीस तेवढं गेलं. तीन आठवड्यांत त्याने अमेरिकन ओपन जिंकली.

पुढे वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं. खुलासा खोटा आहे असं वाडाचं म्हणणं नव्हतं. आपल्या माणसांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी खेळाडूने घ्यायलाच हवी, एक ते दोन वर्षांची बंदी हवी, असं तिचं म्हणणं होतं. सुनावणी एप्रिल २०२५ मध्ये होणार होती. त्याआधीच, १५ फेब्रुवारीला, समझोता जाहीर झाला: ९ फेब्रुवारी ते ४ मे, तीन महिने बंदी. ऑस्ट्रेलियन ओपन जानेवारीत होऊन गेली होती आणि सिनरनेच ती जिंकली होती. फ्रेंच ओपन मेच्या शेवटी होती. या बंदीत एकही ग्रँड स्लॅम बुडाली नाही आणि परत येताना पहिली मोठी स्पर्धा मिळाली ती घरची, रोमची. नोव्हाक जोकोविचसह अनेक खेळाडूंनी यावर उघड नाराजी दाखवली. एक वर्षाची मागणी करणारी संस्था तीन महिन्यांवर कशी आली, हे समझोत्याच्या निवेदनातून कोणाला पटलं नाही. मलाही पटलं नाही. चूक नव्हती तर तीन महिने कशाचे? चूक होती तर तीनच का? लवादासमोर दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या गेल्या असत्या तर निदान पुढच्या खेळाडूला वाट कळली असती.

आता बत्ताग्लिनो. २०२२ मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाला एका छोट्या स्पर्धेत त्याचा नमुना घेतला गेला. तळाच्या पातळीवरच्या या स्पर्धांत सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून १५,००० डॉलर वाटले जातात. तिथे कोणाकडे स्वतःचा फिजिओ नसतो, स्पर्धेने नेमलेला जो असेल त्याच्याकडे जायचं. त्याच्याच मालिशमधून द्रव्य आलं असं बत्ताग्लिनोचं म्हणणं होतं. पण तो फिजिओ काही त्याचा नोकर नव्हता. त्याच्याकडून जो पुरावा हवा होता तो बत्ताग्लिनोला मिळवता आला नाही. कोणतं मलम, कोणत्या दिवशी, किती, हे सांगणारं कोणी उभं राहिलं नाही. न्यायाधिकरणाने चार वर्षं दिली आणि क्रीडा लवादाने अपील फेटाळलं.

इथपर्यंत भाच्याचं म्हणणं खरं वाटतं. पण तिसराही एक इटालियन आहे, मार्को बोर्तोलोत्ती. तोही प्रसिद्ध नाही, मोठ्या स्पर्धांखालच्या चॅलेंजर पातळीवर खेळणारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिस्बनला त्याच्याही नमुन्यात क्लोस्टेबॉल सापडलं. ते कसं आलं हे त्याला पटवून देता आलं आणि त्याची काही चूक नसल्याचं ठरून तो सुटला, एक दिवसाचीही बंदी न होता. म्हणजे न्यायाधिकरण क्रमवारी बघून निकाल देतं, असं सरळ म्हणता येत नाही. निकाल वाचताना दिसतं की ते पुरावा बघूनच निकाल देतात. प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. पुरावा कोणाला गोळा करता येतो?

हा प्रश्न मला टेनिसमुळे पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका परीक्षा केंद्रावर मी पर्यवेक्षक होते. एकाच आठवड्यात तिथे कॉपीची दोन प्रकरणं झाली. एका मुलाच्या बाकाच्या कप्प्यात चिठ्ठी सापडली, दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या. लिहिताना दोघांनाही कोणी पाहिलेलं नव्हतं. पण नियम असा की बाक ज्याचा, चिठ्ठी त्याची. दोन्ही बाकांवर सकाळच्या सत्रात दुसरेच विद्यार्थी बसले होते आणि दुपारच्या सत्राआधी कप्पे कोणी तपासले नव्हते, हे मी स्वतः पाहिलं होतं. तेवढंच मी दोघांसाठी, एकसारख्याच शब्दांत, लिहून दिलं.

मुलाचे वडील तासाभरात केंद्रावर आले. सोबत ओळखीचे एक वकील आणि खासगी क्लासचे सर. त्यांनी सकाळच्या सत्राची बैठकव्यवस्था मागून घेतली, चिठ्ठीवरचं अक्षर मुलाच्या वहीशी ताडून बघा म्हणाले, माझं निवेदन फाइलला लागलं की नाही ते डोळ्यांनी पाहिलं. मुलीचे वडील ट्रकवर होते, गुजरातेत. आई आली ती संध्याकाळी, मोहल्ल्यातल्या एका आपाला बरोबर घेऊन. तोवर मुलीच्या जबाबावर सही झालेली होती आणि त्या जबाबात "चिठ्ठी माझ्या बाकात सापडली" याशिवाय काही नव्हतं. चौकशी झाली. मुलाला संशयाचा फायदा मिळाला. मुलीचा निकाल रद्द झाला. तिच्या फाइलमध्ये माझं निवेदन लागलेलंच नव्हतं. ते लावा असा आग्रह धरणारं तिच्या बाजूने कोणी नव्हतं आणि विचारायला मी गेले तेव्हा उत्तर मिळालं की आता प्रकरण पुढे गेलं.

चौकशी करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी लाच घेतली नाही, धर्म पाहिला नाही, श्रीमंती पाहिली नाही. समोर जी फाइल आली ती वाचून त्यांनी निकाल दिला. एक फाइल जाड होती, एक पातळ. मुलगी ऑक्टोबरला पुन्हा बसली, पास झाली, पण मोहल्ल्यात तिच्या नावाला "कॉपीवाली" चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून सिनर आणि बत्ताग्लिनो यांच्याकडे बघताना मला सिनरचा राग येत नाही. त्याने खरं सांगितलं असंच त्याच्या प्रकरणातल्या सगळ्या पक्षांनी मानलं. मला त्या दोन फाइली दिसतात. ज्याचा फिजिओ स्वतःच्या पगारावर आहे, ज्याच्याकडे वकील तयार आहेत, त्याला साक्षीदार शोधायला जावं लागत नाही. तो त्याच्या बाजूलाच उभा असतो. कायदा एकच, पण ओझं उचलायला एकाकडे चार माणसं आणि दुसरा एकटा.

पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. सिमोना हालेप ही रुमानियाची खेळाडू, २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ चं विम्बल्डन जिंकलेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या नमुन्यात रॉक्साडुस्टाट हे रक्ताशी संबंधित औषध सापडलं. ऑक्टोबरमध्ये तात्पुरती बंदी आली. तिचं म्हणणं होतं की दूषित पूरक आहारातून ते आलं. सुनावणी लांबत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, चार वर्षं. ती लवादाकडे गेली. ५ मार्च २०२४ ला लवादाने सांगितलं की तिने मुद्दाम घेतलेलं नाही, शिक्षा नऊ महिने पुरेशी आहे. नऊ महिने जुलै २०२३ मध्येच संपले होते! तोपर्यंत ती जवळपास १७ महिने कोर्टाबाहेर बसलेली होती. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचे ते जादा आठ महिने कोणी भरून देत नाही. ती परत आली, क्रमवारी गेलेली, गुडघा दुखावलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लुजला, आपल्या माणसांसमोर एक सामना हरून ती निवृत्त झाली. हालेप गरीब नव्हती, अनोळखी नव्हती. तरीही द्रव्य कुठून आलं हे पटवून देताना तिची दीड वर्षं गेली.

ब्रिटनची दुहेरीतली खेळाडू तारा मूर हिचं प्रकरण याहून कठीण. एप्रिल २०२२ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे तिच्या नमुन्यात बोल्डेनोन आणि नँड्रोलोन सापडलं. तिथल्या जनावरांना वाढीसाठी अशी द्रव्यं देतात आणि ती मांसातून माझ्या अंगात आली, असं तिने सांगितलं. १९ महिने ती बाहेर राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने तिचं म्हणणं मान्य केलं. ती पुन्हा खेळायला लागली. पण टेनिसच्या संस्थेने नँड्रोलोनच्या मुद्द्यावर अपील केलं होतं. जुलै २०२५ मध्ये लवादाने तो निकाल फिरवला. नँड्रोलोनचं प्रमाण मांसाच्या खुलाशाशी जुळतं हे तिला सिद्ध करता आलं नाही, म्हणून चार वर्षं, आधीचा काळ वजा करून. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसाला नंतर दोषी ठरवणारी ही व्यवस्था कायद्याला धरून असेलही. पण त्या मधल्या काळात तिने काय समजून रॅकेट हातात धरायचं होतं?

अपिलाचा हक्कच काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. तो का हवा, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. मुंबईत वाढलेला, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी उत्तेजक चाचणीत सापडला. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं, असं त्याने सांगितलं. आपल्या नाडाने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला सोडलं. वाडाने अपील केलं आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कटाचा ठोस पुरावा लवादाला दिसला नाही. त्या दिवशी इथे अनेकांचे डोळे भरून आले. पण आपल्या पैलवानाबद्दल आपल्याच संस्थेने दिलेला निकाल बाहेरच्या कोणी तपासायचाच नाही, अशी सोय ठेवली तर उद्या प्रत्येक देश आपापल्या मुलांना सोडत बसेल. तपासणी हवीच. मात्र नरसिंगचं प्रकरण काही आठवड्यांत संपलं आणि मूरचं तीन वर्षं चाललं, यातला फरकही लक्षात घ्या. ऑलिम्पिक दारात असेल तर यंत्रणेला घाई करता येते. मग एरवी का येत नाही?

तिसरी गोष्ट गुप्ततेची. टेनिसच्या नियमात तात्पुरती बंदी जाहीर केली जाते. पण खेळाडूने दहा दिवसांच्या आत त्यावर अपील केलं आणि ते यशस्वी झालं, तर अंतिम निकालापर्यंत बाहेर काही सांगत नाहीत. सिनरच्या बाबतीत हेच झालं, मार्चची गोष्ट जगाला ऑगस्टमध्ये कळली. पोलंडच्या इगा श्वीऑनटेकच्या बाबतीतही हेच झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन सापडलं. झोपेसाठी ती घेत असलेली मेलाटोनिनची गोळी, पोलंडमध्ये औषध म्हणून विकली जाणारी, दूषित निघाली. तिने ती प्रयोगशाळेत तपासून घेतली, चूक अगदी किरकोळ ठरली, एक महिन्याची बंदी झाली. पण शरद ऋतूत ती कोरिया आणि चीनमधल्या स्पर्धांतून बाहेर पडली तेव्हा कारणं सांगितली गेली थकव्याची आणि वैयक्तिक. खरं कळलं नोव्हेंबरच्या शेवटी. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, मारिन चिलिचने विम्बल्डनमधून माघार घेताना गुडघ्याचं कारण दिलं होतं आणि नंतर कळलं की तो उत्तेजक चाचणीत सापडला होता.

गुप्ततेत वाईट काय, असं तुम्ही विचाराल. निर्दोष माणसाचं नाव उगाच खराब होऊ नये, हे बरोबरच आहे. "कॉपीवाली" हा शब्द ज्या मुलीला चिकटला तिला मी ओळखते, त्यामुळे मला हे कोणी समजावून सांगायला नको. पण ही चादर मिळते कोणाला? जो दहा दिवसांत वकील उभा करू शकतो, गोळ्या प्रयोगशाळेत पाठवू शकतो, साक्षीदाराला हजर करू शकतो त्यालाच. ज्याला ते जमत नाही त्याचं नाव अकराव्या दिवशी वर्तमानपत्रात. हालेपचं नाव पहिल्याच महिन्यात जगभर झालं होतं. तिला श्वीऑनटेकच्या निकालानंतर जे कडवट वाटलं आणि तिने ते जाहीर बोलून दाखवलं, ते मला समजतं. झाकायचं तर सगळ्यांचं झाका. उघडायचं तर सगळ्यांचं उघडा.

आणि शेवटी जबाबदारी. हे सगळं वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली. या प्रत्येक प्रकरणात चुकलेली माणसं अनेक आहेत, पण शिक्षा भोगणारं शरीर एकच. स्प्रे विकत घेतला प्रशिक्षकाने, लावला फिजिओने, घरी बसला सिनर. त्याने दोघांना कामावरून काढलं, पण फेराराला जुलै २०२५ मध्ये परतही घेतलं. हालेपला पूरक आहाराच्या कंपनीवर अमेरिकेत स्वतः दावा लावावा लागला. छोट्या स्पर्धेत फिजिओ नेमणारे आयोजक तर कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. सुनावणीला दीड वर्ष लावणाऱ्या संस्थेला उशिराची किंमत मोजावी लागत नाही. "तुमच्या अंगात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार" हे सूत्र कडक आहे आणि ते असू दे. पण मग संस्थेनेही म्हणावं की आमच्या फाइलीत जो उशीर सापडेल त्याला आम्ही जबाबदार.

वाडाची नवी संहिता १ जानेवारी २०२७ पासून लागू होते आहे. तिच्यात दूषित पदार्थाची व्याख्या रुंद केली आहे, त्यामुळे नकळत संपर्कातून आलेल्या द्रव्यासाठी शिक्षा ठरवताना मोकळीक वाढेल. चांगलं आहे. पण व्याख्या बदलली तरी ते द्रव्य कुठून आलं हे दाखवण्याचं ओझं खेळाडूच्याच डोक्यावर राहणार आहे. ते काढून टाका असं मी म्हणत नाही, कारण आगासीचं पत्र मी विसरलेले नाही. ओझं राहू दे, पण उचलायला हात द्या. क्रमवारीत खाली असलेल्या खेळाडूच्या वकिलाचा आणि प्रयोगशाळेचा किमान खर्च खेळाच्या तिजोरीतून व्हावा. स्पर्धेने नेमलेल्या प्रत्येक फिजिओला, डॉक्टरला, स्वयंपाक्याला बोलावलं की साक्षीला येणं बंधनकारक असावं. पहिला निकाल किती महिन्यांत लागला पाहिजे याची मर्यादा असावी. ती ओलांडली तर जास्तीचा काळ खेळाडूने का भोगायचा, याचं उत्तर संस्थेने द्यावं.

सिनरला मिळालं ते कमी करा, ही मागणी मला पटत नाही. एका मुलाचे वडील धावत आले म्हणून त्याला शिक्षा करायची नसते. सिनरला जी संधी मिळाली ती बत्ताग्लिनोलाही मिळायला हवी होती. त्यानंतरही तो दोषी ठरला असता तर चार वर्षं भोगायला हरकत नव्हती. आणि ही संधी देणं फार खर्चाचं काम नाही. प्रत्येक छोट्या स्पर्धेत मालिशच्या टेबलाशेजारी एक वही ठेवा. तारीख, खेळाडूचं नाव, हात लावणाऱ्याचं नाव, लावलेलं मलम, खाली सही. एवढी एक वही साक्षीदार म्हणून पुरेशी होते, आणि ती पगार कोणाचा खाते हे कोणी विचारत नाही.